ओव्याचे पाणी : किती गुणाचे, कुठवर पुरेसे?

पिंपळगाव राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या खामगाव तालुक्यातले गाव. या गावात काय किंवा वऱ्हाडातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, एखाद्या मुलाने "पोट दुखते" अशी तक्रार केली, की घरातून एकच उत्तर येते : "थोडासाक ओवा चावून घे, वरतून कोमट पानी पे." पोट फारच फुगले असेल तर ओवा ठेचून, गरम पाण्यात घालून, वर चिमूटभर काळे मीठ टाकून त्याचे पाणी प्यायला मिळते. कुणी त्यात आले किसून घालतो, कुणी गवती चहाची पात किंवा पुदिना टाकतो. शहरातल्या दुकानांत अलीकडे अशाच वनस्पती वाळवून, कागदी पुडीत भरून 'हर्बल टी' या नावाने विकल्या जातात. नाव नवे असले तरी वस्तू आपल्या ओळखीचीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, हे पाणी तुम्हीही कधी ना कधी प्यायला असाल आणि बहुधा तुम्हाला बरेही वाटले असेल. पण विज्ञानाचा विद्यार्थी एवढ्यावर थांबत नाही. बरे वाटले ते कशामुळे? ओव्यामुळे, गरम पाण्यामुळे, की थोडा वेळ गेल्यामुळे? ओव्याचे पाणी कोणत्या पोटदुखीवर चालेल आणि कोणत्या पोटदुखीवर ते देत बसणे धोक्याचे ठरेल? या लेखात आपण या प्रश्नांचा क्रमाने विचार करू.

दाणा नव्हे, फळ

मिसळणाच्या डब्यातला ओव्याचा एक दाणा घ्या आणि भिंगातून पाहा. त्यावर उभ्या कडा दिसतील. आपण त्याला बी म्हणत असलो तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते एक लहानसे सुके फळ आहे. ओव्याचे शास्त्रीय नाव ट्रॅकिस्पर्मम अमी. जिरे, धने, बडीशेप, शेपू आणि गाजर हे सारे त्याचे नातलग आहेत. या सर्वांची फुले छत्रीच्या काड्यांसारख्या दांड्यांवर येतात. कोथिंबीर फुलावर आली की हा फुलोरा तुम्हाला परसातही पाहता येईल.

या फळांच्या सालीत तेलाच्या बारीक नळ्या असतात. त्यांतले तेल शेंगदाण्याच्या किंवा करडईच्या तेलासारखे नसते. कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा थेंब टाकला तर डाग कायम राहतो. ओव्याच्या तेलाचा डाग मात्र हळूहळू उडून जातो. अशा तेलाला बाष्पनशील तेल म्हणतात. ओव्यात ते साधारणपणे शेकडा दोन ते चार भाग असते आणि ओव्याचा झणझणीत वास त्याचाच असतो.

काही घरांत कुंडीत जाड, लुसलुशीत, केसाळ पानांचे एक झाड असते. त्यालाही लोक 'ओवा' म्हणतात आणि त्याच्या पानांची भजी करतात. ते झाड मात्र ओव्याचे नव्हे. ते तुळशीच्या कुळातले आहे. दोन वेगळ्या कुळांतल्या वनस्पतींनी जवळजवळ सारखीच रसायने तयार केल्यामुळे त्यांचा वास जुळतो. केवळ वासावरून किंवा बोलीतल्या नावावरून वनस्पती ओळखू नये, याचे हे घरातलेच उदाहरण आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

ओव्याचे फूल

ओव्याचे तेल थंड जागी ठेवले की त्यातून पांढरे स्फटिक वेगळे होतात. आपल्या बाजारात हे स्फटिक 'ओव्याचे फूल' या नावाने फार पूर्वीपासून विकले जात आहेत. युरोपात १७१९ साली कास्पर नॉयमन याने थाइम नावाच्या, तुळशीच्या कुळातल्या झाडाच्या तेलातून असेच स्फटिक मिळवले होते. पुढे त्या पदार्थाला थायमॉल हे नाव मिळाले. १८५५–५६ च्या सुमारास स्टेनहाउस आणि हेन्स या रसायनज्ञांनी दाखवून दिले, की आपले ओव्याचे फूल आणि युरोपातले थायमॉल हा एकच पदार्थ आहे. त्याच्या रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. ओव्याच्या तेलाचा साधारण निम्मा भाग थायमॉलच असतो.

थायमॉल जंतुनाशक आहे हे कळल्यावर त्याला मोठी मागणी आली. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जर्मनीला जात असे आणि तेथे त्यातून थायमॉल काढले जाई. १९१४ साली युद्ध सुरू झाले, तो व्यापार तुटला आणि मग भारतात थायमॉल काढण्याचे प्रयत्न जोरात सुरू झाले. आज बहुतेक थायमॉल कारखान्यांत कृत्रिम रीतीने तयार होते. ओव्यातले आणि कारखान्यातले थायमॉल यांच्या रेणूंत काहीही फरक नसतो. 'नैसर्गिक' आणि 'रासायनिक' असे दोन वेगळे गट आपण बोलताना करतो. पण ओव्याचा गुण हा त्यातल्या रसायनाचाच गुण आहे.

काढा की फांट?

आता ओव्याचे पाणी करण्याची रीत पाहू. पुष्कळ जण ओवा पाण्यात घालून ते निम्मे होईपर्यंत उकळतात. "चांगला आटवला म्हणजे गुण उतरतो," असे म्हणतात. हे बरोबर आहे काय?

उकळताना स्वयंपाकघरभर ओव्याचा वास सुटतो. वास सुटला याचा अर्थ बाष्पनशील तेल वाफेबरोबर भांड्यातून निघून गेले. जे पोटात जायला हवे ते हवेत गेले! सुगंधी तेलाचे कारखाने हाच गुणधर्म वापरतात. ते ओव्यातून वाफ सोडतात, ती वाफ थंड करतात आणि पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे करतात.

आपल्या जुन्या वैद्यकाने हा फरक जाणला होता. शार्ङ्गधरसंहितेत औषधी रस काढण्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. क्वाथ म्हणजे आटवलेला काढा. फांट म्हणजे चूर्णावर गरम पाणी ओतून, थोडा वेळ ठेवून गाळून घेतलेले पाणी. कठीण साली आणि मुळ्या यांना काढा योग्य, तर ओवा, बडीशेप, पुदिना अशा सुवासिक वस्तूंना फांट योग्य. तुमच्या घरी चहाची पत्ती गरम पाण्यात टाकून वर झाकण ठेवत असतील तर तोही एक फांटच होय.

*करून पाहा :* चार सारख्या कपांत प्रत्येकी अर्धा चमचा ओवा घ्या. पहिल्या कपात अख्खा ओवा आणि थंड पाणी, दुसऱ्यात अख्खा ओवा आणि गरम पाणी, तिसऱ्यात ठेचलेला ओवा व गरम पाणी, पण झाकण नको. चौथ्यात ठेचलेला ओवा व गरम पाणी घालून बशीने झाका. दहा मिनिटांनी गाळून चारही पाण्यांचा वास घ्या. कोणता कप कोणता हे माहीत नसलेल्या मित्राला त्यांचा क्रम लावायला सांगा. ठेचण्याचा, उष्णतेचा आणि झाकणाचा परिणाम वेगवेगळा कसा ओळखायचा, हे या साध्या प्रयोगातून कळेल. गरम पाणी मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच हाताळा.

पोटात काय चालते?

तुरीचे वरण, हरभऱ्याच्या पिठाचा झुणका, वालाची उसळ असे जेवण झाले की पोट का फुगते? डाळींत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्यांचे तुकडे करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या लहान आतड्यात तयार होत नाही. म्हणून त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात. तेथले कोट्यवधी जीवाणू त्यांवर ताव मारतात आणि त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. याशिवाय घाईघाईने जेवताना आपण हवा गिळतो ती वेगळी. निरोगी माणसाच्या पोटातून दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर वायू बाहेर पडतो. तेव्हा वायू होणे हा काही रोग नव्हे.

दुखते ते निराळ्या कारणाने. आतड्याची भिंत अनैच्छिक स्नायूंची असते. हे स्नायू लाटेसारखे आकुंचन पावत अन्न पुढे ढकलतात. कधी एखाद्या ठिकाणी ते फार जोराने आवळले जातात आणि मागे वायू कोंडतो. आतड्याची भिंत ताणली जाते आणि कळ येते. कळ येते, जाते, पुन्हा येते, कारण लाटही येते आणि जाते.

थायमॉल येथे काय करील? स्नायू आवळला जाण्यासाठी त्याच्या पेशींत कॅल्शियमचे आयन शिरावे लागतात. कराचीतल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओव्याचा अर्क सशाच्या आतड्याच्या तुकड्यावर वापरून पाहिला. तुकड्याचे आकुंचन सैल पडले आणि कॅल्शियमची वाट अडवल्यामुळे हे घडते असे दिसले. पुदिन्यातले मेंथॉलही याच रीतीने काम करते. म्हणजे आजीबाईच्या बटव्याला काही आधार आहे खरा. पण येथे सावध राहिले पाहिजे. काचेच्या भांड्यातल्या आतड्याच्या तुकड्यावर अर्क थेट पडतो. आपण प्यायलेले पाणी मात्र जठरातून, पचनाच्या रसांतून, शोषणातून जाते. प्रयोगशाळेतला परिणाम माणसात तेवढाच दिसेल असे नाही.

एका कपात थायमॉल किती?

"ओव्याने जंत मरतात" असे तुम्ही ऐकले असेल. याला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंकुशकृमी या जंतांवर थायमॉल हेच प्रमुख औषध होते. १९०९ नंतर अमेरिकेत अंकुशकृमीविरुद्ध मोठी मोहीम निघाली, तिच्यातही ते वापरले गेले. मग ओव्याच्या पाण्यानेही जंत मरायला हवेत. खरे ना? चला, हिशेब करू.

एका लहान चमच्यात सुमारे २ ग्रॅम ओवा मावतो असे धरा. त्यात शेकडा ३ प्रमाणे तेल ६० मिलिग्रॅम. तेलाचा निम्मा भाग थायमॉल, म्हणजे ३० मिलिग्रॅम. हे सारेच्या सारे कपात उतरले असे समजले (प्रत्यक्षात ते उतरत नाही) तरी एका कपात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त थायमॉल नाही. त्या काळी मोठ्या माणसाला जंतांसाठी दिली जाणारी मात्रा सुमारे ४ ग्रॅम, म्हणजे ४००० मिलिग्रॅम होती. तेवढ्यासाठी ओव्याच्या पाण्याचे १३० हून अधिक कप लागतील!

ती मोठी मात्रा सुरक्षितही नव्हती. थायमॉल पाण्यात फार थोडे विरघळते, पण तेलात आणि मद्यार्कात चटकन विरघळते. म्हणून औषध घेतल्यावर तेल किंवा मद्य पोटात गेले, तर थायमॉल रक्तात शोषले जाऊन माणसाच्या जिवावर बेते. डॉक्टर त्याबद्दल कडक सूचना देत. पुढे अधिक सुरक्षित औषधे आली आणि थायमॉल मागे पडले. राष्ट्रीय जंतनाशक दिनी तुम्हाला शाळेत जी अल्बेंडाझोलची गोळी मिळते, ती या औषधांपैकीच एक आहे. ओव्याचे पाणी प्यालो म्हणून ती गोळी चुकवू नका.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. एक, कपभर पाण्यात थायमॉल इतके कमी असते, की ते सहसा अपाय करीत नाही. दोन, त्याच कारणाने त्याच्याकडून मोठ्या कामाची अपेक्षाही करता येत नाही. एकाच पदार्थाचा मसाला, औषध की विष होईल हे मात्रेवर ठरते.

बरे वाटले म्हणजे औषध लागू पडले काय?

समजा, तुमचे पोट दुखले, तुम्ही ओव्याचे पाणी प्यालात आणि अर्ध्या तासाने बरे वाटले. यात चार गोष्टी एकदम घडल्या. ओवा पोटात गेला. गरम पाणी गेले. तुम्ही थोडा वेळ आडवे झालात. आणि घरातल्या कुणीतरी मायेने पोटावरून हात फिरवला. साधी पोटदुखी पुष्कळदा अर्ध्या तासात आपोआपही थांबते. मग श्रेय कुणाचे?

याचे एक जुने उदाहरण आहे. इंग्लंडमध्ये १८५१ साली विल्यम वुडवर्ड याने लहान मुलांच्या पोटदुखीसाठी ग्राइप वॉटर बनवले. त्यात शेपूच्या बियांचे, म्हणजे आपल्या बाळंतशेपांचे तेल होते. पण त्याबरोबर सोडा, साखर आणि मद्यार्कही होता. मूल शांत झाले ते शेपांमुळे, साखरेच्या गोडीमुळे की मद्यार्कामुळे? बाटली पाहून हे कळणार नाही. पुढे त्यातला मद्यार्क काढून टाकण्यात आला.

असा गुंता सोडवण्यासाठी शास्त्रज्ञ नियंत्रित चाचणी करतात. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडतात. एका गटाला खरे औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण निष्क्रिय गोळी देतात. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसते. पुदिन्याच्या तेलाच्या अशा चाचण्या वारंवार पोट दुखणाऱ्या रुग्णांवर झाल्या आहेत. अनेक चाचण्यांत ते निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले. पण नेदरलँड्समधल्या १९० रुग्णांवरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य कसोटीवर हा फरक निर्णायक ठरला नाही. विशेष म्हणजे निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे एक-तृतीयांश लोकांची पोटदुखी बरीच कमी झाली होती! आल्याबद्दलही पुरावा आहे, पण तो मुख्यतः मळमळीवर.

ओव्याच्या पाण्याची अशी चाचणी घेणे अवघड का आहे, सांगा पाहू? उत्तर नाकातच आहे. ओव्याचा वास लपवायचा कसा? रुग्णाला पहिल्या घोटातच कळेल की आपल्याला ओवा मिळाला.

शेजारच्या डब्यांतली औषधे

'नैसर्गिक आहे, मग अपाय कसला?' असे म्हणण्याची पद्धत आहे. दोन उदाहरणे पाहा. पुदिना आतड्याचे स्नायू सैल करतो, तसाच तो अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही सैल करतो. त्यामुळे ज्याला आंबट पाणी वर येऊन छातीत जळजळते, त्याचा त्रास पुदिन्याने वाढू शकतो.

दुसरे उदाहरण बाद्यानचे, म्हणजे मसाल्यातल्या चक्रीफुलाचे. त्याचे पाणी काही देशांत पोटासाठी देतात. त्याचेच एक जपानी भावंड दिसायला अगदी तसे, पण विषारी आहे. २००१ साली नेदरलँड्समध्ये अशी भेसळ झालेला वनस्पतींचा चहा पिऊन साठाच्या आसपास लोक आजारी पडले. त्यांपैकी काहींना आकडी आली. आपण वर कुंडीतल्या 'ओव्या'ची गोष्ट पाहिली. तेथे नावाचा घोटाळा निरुपद्रवी होता, येथे तो जिवावर आला. म्हणून शेतातून, रानातून अनोळखी पाला किंवा बी आणून त्याचा काढा करू नका. घरात ओळखीचा, स्वच्छ निवडलेला ओवा असताना त्याची गरजही नाही.

तान्ह्या बाळाला तर कसलेच पाणी नको. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ओव्याचे पाणी, बाळंतशेपांचे पाणी, गुटी यांच्याबरोबर पोटात जंतू जाण्याची भीती असते आणि बाळाची भूक मारली जाते ती वेगळीच.

ओव्याने जेथे थांबावे

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पोटदुखीच्या तीन प्रसंगी ओव्याचे पाणी देत बसणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय.

*पहिला प्रसंग : जुलाब आणि उलट्या.* वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर चढतो, विहिरी तळाला जातात, आणि पावसाच्या पहिल्या सरींबरोबर घाण पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळते. जुलाबात शरीरातून पाणी जाते आणि त्याबरोबर सोडियम हा क्षारही जातो. मुलाच्या जिवाला धोका असतो तो या तुटीमुळे. ओव्याच्या पाण्यात पाणी आहे, पण पुरेसे मीठ नाही आणि साखर नाही. साखर कशाला हवी? १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडले, की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शिरतात. त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाबातही ही वाट बहुधा चालू असते.

या ज्ञानाचा केवढा उपयोग झाला ते ऐका. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी बंगालमधल्या बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून नातेवाइकांच्या हातून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्याही खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. डॉ. महालनबीस २०२२ साली वारले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

आरोग्य उपकेंद्रात आणि आशाताईंकडे जलसंजीवनीची पुडी मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा विरघळवा. चमचा चहाचा घ्या, आणि मीठ जास्त होऊ देऊ नका. हे पाणी थोडे थोडे, वारंवार पाजा. डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, रडताना अश्रू न येणे, लघवी कमी होणे, मूल मलूल होणे यांपैकी काही दिसले, किंवा शौचात रक्त आले, तर पाणी पाजत पाजतच त्याला दवाखान्यात न्या.

*दुसरा प्रसंग : एका जागी थांबलेले दुखणे.* वायूची कळ फिरते, येते आणि जाते. आंत्रपुच्छाचा दाह झाला तर दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते, काही तासांनी उजवीकडे खाली सरकते आणि तेथेच वाढत जाते. बरोबर ताप, उलटी, चालताना दुखणे असते. येथे ओवा नको आणि एरंडेल तर मुळीच नको. तडक डॉक्टरकडे जायचे.

*तिसरा प्रसंग : रात्रीची पोटदुखी.* हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावतो. त्याचे दात इतके बारीक असतात, की चावल्याची खूण पुष्कळदा दिसत नाही, सूज येत नाही आणि दुखतही नाही. माणूस मध्यरात्री किंवा पहाटे जागा होतो तो पोट दुखते म्हणून. घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. पावसाळ्याच्या दिवसांत जमिनीवर झोपलेले कुणी एकाएकी पोटदुखीने उठले, पापण्या मिटू लागल्या किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर मण्यारीची शंका घ्या. चावल्याची खूण शोधत वेळ घालवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि सर्पविषावरचे प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. जमिनीवर झोपावेच लागले तर मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचून घेतल्याने बराच बचाव होतो.

तर मग ओवा ठेवावा की टाकावा?

अर्थात ठेवावा! जेवण जड झाले, पोट फुगले, कळ येऊन जाते आहे, ताप नाही, जुलाब नाहीत, तर ठेचलेल्या ओव्यावर गरम पाणी ओता, झाकून ठेवा, गाळा आणि कोमट झाल्यावर प्या. एवढ्याने बरे वाटले तर उत्तम. दोन-तीन तासांत दुखणे थांबले नाही, वाढत गेले किंवा वर सांगितलेले एखादे लक्षण दिसले, तर पेला बाजूला ठेवून दवाखान्याची वाट धरा. हे तुमच्या घरी आजीलाही सांगा. तिला ओव्याचा गुण अनुभवाने ठाऊक आहे. मण्यारीची आणि साखर-मिठाच्या पाण्याची गोष्ट तिला तुमच्याकडून कळू द्या.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवावासा वाटतो. बाजारात मिळणारे ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल समभाग घेऊन काचेच्या खलात घोटावे. ओव्याचे फूल सुमारे ५० अंश सेल्सिअसला आणि पुदिन्याचे फूल सुमारे ४२ अंशांना वितळते. दोन्ही घन आहेत. पण एकत्र घोटताच त्यांचे वर्गातल्या तापमानालाच पाणी होते! त्यांत कापूर मिसळला तरी तसेच होते, आणि हीच पुष्कळ घरांतली 'अमृतधारा'. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा. द्रव डोळ्यांना आणि त्वचेला लागू देऊ नये, तोंडात तर घालूच नये. कापूर लहान मुलांना विषारी आहे हेही मुलांना सांगावे.

*विचार करा :*

१. मिश्रणाचा वितळणबिंदू त्यातल्या घटकांच्या वितळणबिंदूंपेक्षा कमी का होतो?

२. ओवा दळून उघड्या डब्यात वर्षभर ठेवला, तर वरच्या हिशेबातले ३० मिलिग्रॅम तेवढेच राहतील काय?

३. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी टाकून दिले, तर पोट कमी फुगेल असे म्हणतात. रॅफिनोज पाण्यात विरघळते हे लक्षात घेऊन या म्हणण्याची परीक्षा कशी कराल?

४. तुमच्या घरापासून प्रतिविष मिळणारे सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते? तेथे पोचायला किती वेळ लागतो? याचे उत्तर पुस्तकात मिळणार नाही. ते शोधून काढा आणि घरात सर्वांना दिसेल अशा जागी लिहून ठेवा.